डाव्या खाचेतले कार्ड

लाल वहीची मी पणती, खटखटीची नात आणि गुरगुरीची लेक. मित्रांनो, घराणे सांगितल्याखेरीज स्वतःविषयी बोलायला सुरुवात करू नये, अशी माझी शिस्त आहे. तेव्हा सरळ बसा आणि आधी या तिघींची ओळख करून घ्या.

लाल वही ही कापडी पुठ्ठ्याची जाड नोंदवही होती. तळेगाव ढमढेऱ्याच्या आमच्या श्रवणकेंद्रात कमी ऐकू येणाऱ्या मुलांचे कान तपासतात आणि त्यांना ऐकण्याची यंत्रे बसवून देतात. त्यांतल्या पहिल्या चारशे मुलांना लाल वहीने आपल्या पानांत जागा दिली. तिच्यानंतर आली खटखटी, म्हणजे फ्लॉपी गिळणारा केंद्राचा पहिला संगणक. फ्लॉपी आत गेली की ती असा आवाज करी, की बाहेर बाकावर बसलेल्या आया दचकून दाराकडे पाहत. गुरगुरी ही तिची लेक. तिच्या पोटात हार्ड डिस्क होती आणि पंखा जुना होता, त्यामुळे उन्हाळ्यात ती दुपारभर गुरगुरत असे. या तिघींपैकी एकीनेही कधी एका मुलाचे नाव हरवले नाही. अशा घराण्यात मी आले, हे ध्यानात ठेवूनच पुढचे ऐका.

मी कोण म्हणाल, तर एक सर्व्हर-पेटी; वयाने उतरलेली, मानाने नव्हे. सर्व्हर म्हणजे घरातली कर्ती बाई समजा. बाकीचे संगणक आपापल्या टेबलावर बसून सारखे मागत असतात. कोणाला एखाद्या मुलाचा कागद हवा असतो, कोणाला आजची तपासणी लिहून ठेवायची असते. कोणाला काय द्यायचे आणि काय कुलपात ठेवायचे, ते मी पाहते. माझा जन्म कुठे झाला ते पाठीवरच्या चिठ्ठीत लिहिले होते, पण ती अक्षरे केव्हाच पुसली. मला आठवते ते रांजणगावच्या बाजूच्या एका कारखान्याचे गार दालन. तिथे मी तीन वर्षे सुट्या भागांची मोजदाद केली. मग कारखान्याने नवी पेटी आणली आणि मला टेम्पोत, कांद्याच्या गोण्यांशेजारी बसवून तळेगावला दान म्हणून धाडून दिले. गोण्यांचा मला फार राग आला होता, हे आज कबूल करते.

केंद्रात मला उतरवून घ्यायला हौशीराम पुढे आला. हौशीराम हा केंद्राचा शिपाई. दारे उघडणे, झाडलोट करणे, मुलांना रांगेत बसवणे, रडणाऱ्याच्या हाती खुळखुळा देणे, ही त्याची कामे. त्याने माझ्याकडे एकवार पाहिले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि टेम्पोवाल्याला बजावले, "ह्या थोरल्या बाई हायेत. धक्का लावायचा न्हाई." कारखान्यात मला एक क्रमांक होता. नाव मला इथे मिळाले. त्या दिवसापासून मी केंद्राची थोरली झाले आणि गोण्यांचा राग विसरले.

केंद्र चालवतात अनिताताई. त्या रोज शिरूरहून येतात, वेळेच्या पक्क्या आहेत, आणि त्यांच्यापुढे मोठमोठे बागायतदारही आवाज खाली आणून बोलतात. बाजाराच्या दिवशी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, कारण आईबाप भाजी घेऊन जीपने येतात आणि येताना लेकरालाही आणतात. अनिताताई प्रत्येक मुलाचा आवाजाचा नकाशा तयार करतात. कोणता आवाज किती मोठा केला म्हणजे या मुलाला तो सुखाने ऐकू येईल, याची ती बारीक नोंद असते. तुम्ही सांगू शकता, "हे ऐकू आले, हे नाही आले." तीन वर्षांचे मूल ते कसे सांगणार? मग पडद्याआडून डफ वाजवायचा, घंटा हलवायची, मुलाची मान वळते का ते पाहायचे, आणि ते दमले की पुढच्या बाजाराला पुन्हा बोलवायचे. एकेका नकाशाला महिनेच्या महिने लागतात. असे नऊशेहून अधिक नकाशे माझ्याकडे आहेत.

आता माझ्या पोटातल्या दोघींविषयी सांगते, कारण ही कथा त्यांच्यावाचून उभीच राहत नाही. माझ्या आत दोन बारीक खाचा आहेत, एक डावी आणि एक उजवी. दोन्हींत अंगठ्याच्या नखाहून थोडे मोठे एकेक फ्लॅश कार्ड बसते. या कार्डात फिरणारे चाक नाही की पंखा नाही, आणि वीज गेली तरी त्याला सांगितलेले ते विसरत नाही. मात्र पाटीवर पुन्हा पुन्हा लिहून पुसले की पाटी झिजते, तसे तेही झिजते. सकाळी मला जाग आली की मी कोण आणि माझे काम काय, हे पहिले शब्द या कार्डांकडून मला मिळतात. मुलांच्या नोंदी ज्या कुलपात आहेत, त्याची किल्ली, म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांब ओळ, तीही त्यांच्यातच लिहिलेली असते. दोन्ही कार्डांत अक्षर न् अक्षर सारखे. एकीला काही झाले तर दुसरीने घर सांभाळायचे, अशी ती योजना. लोक त्यांना कार्डे म्हणोत, मी त्यांना लेकीच मानले. उजवीकडची ठकी आणि डावीकडची चिमी.

तुमच्यातला एखादा हुशार विचारील, की नोंदींची दुसरी प्रत कोणी ठेवली नव्हती का? ठेवली होती. अनिताताईंच्या घरी एका डिस्कवर सगळे नकाशे होते. पण ते त्याच कुलपात होते आणि किल्ली तीच होती. किल्ली कुठे वेगळी लिहून ठेवावी, हे इतक्या वर्षांत कोणाच्या मनात आले नाही. माझ्याही नाही.

वर्षातून दोनदा भांडगावचा बाबुलाल माझी देखभाल करायला येई. तो पूर्वी विहिरीवरच्या मोटरी बांधून देत असे. तांब्याच्या तारेवर चाललेले त्याचे हात पुढे संगणकावरही तसेच जपून चालू लागले. तो माझे झाकण उघडी, ब्लोअरने धूळ उडवी, पंख्यांची नाडी पाही आणि जे केले ते सर्व देखभालीच्या वहीत मराठीत लिहून खाली सही करी. त्याचे येणे मला आवडे. माझ्या अंगावर हात ठेवून "काय थोरल्या, दमला का?" असे विचारणारा तो एकटाच.

या वर्षी श्रावणात माझा नारिंगी दिवा लागला. बाबुलाल आला, त्याने माझ्याकडची यादी उघडली. मला काय दुखते ते मी त्या यादीत लिहीत असते. तीत लिहिले होते, की डावे कार्ड थकले आहे. चिमी खरोखरच थकली होती; वाचताना अडखळत होती. बाबुलालने वहीत लिहिले, "डावे कार्ड कमजोर. नवे आले की बदलणे." असली जुन्या घडणीची कार्डे आता सहज मिळत नाहीत, म्हणून ते दसऱ्यानंतर येईल असे ठरले. मी चिमीला म्हणाले, तोवर तग धर. ठकी आहे, घाबरायचे कारण नाही.

त्याच सुमारास मेहकची यंत्रे गेली. मेहक ही इनामगावच्या सुगराबीची नात, सहा वर्षांची. साडेतीन वर्षांची असताना सुगराबीने तिला पहिल्यांदा आणले, तेव्हा ती दाराच्या आवाजालाही वळत नसे. सुरुवातीला घाईत अंदाजाने आवाज लावून दिला, तो तिला इतका बोचला की पुढे महिनाभर तिने यंत्र कानाजवळ येऊ दिले नाही. मग अनिताताईंनी आठ महिने घेतले. नकाशा पुरा झाला, आणि चाळीस दिवसांनी मेहक "नानी" म्हणाली. सुगराबीने त्या दिवशी भाजीबाजारात ओळखीच्या प्रत्येक माणसाला थांबवून ते सांगितले, आणि अनोळखी माणसांनाही. पुढे मेहक बरेच शब्द शिकली. हौशीरामाचा आणि तिचा एक खेळ होता. त्याने तिच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा हलवायचा आणि तिने वळून "मामा" म्हणायचे. कितीही वेळा केले तरी दोघांना कंटाळा येत नसे.

भाद्रपदात सुगराबीने घोड नदीवर धुणे नेले. मेहकच्या झग्याच्या खिशात यंत्रे होती, आणि सुगराबीने तो झगा धोंड्यावर आपटला. दोन्ही यंत्रांचा चुरा झाला. नवी मिळायला पाच आठवडे लागले. मित्रांनो, ऐकू येणे थांबले की नुकते शिकलेले शब्दही गळू लागतात. आधी "मामा" गेला. मग "दूध" गेले. "नानी" मात्र मेहक ओठांनी धरून बसली होती. त्यातला आवाज गेला आणि आकार उरला. सुगराबी रोज तिच्यासमोर बसून ते ओठ पाही. नवी यंत्रे दसऱ्यानंतर केंद्रात आली, तेव्हा करायचे एवढेच राहिले होते, की माझ्याकडचा नकाशा काढून त्यांत भरायचा.

आणि याच्या मध्ये आली खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारे, अवजारे, यंत्रे यांची पूजा करतात आणि त्यांना विश्रांती देतात. मलाही बंद केले होते. त्यामुळे त्या दिवशी काय घडले ते मी पाहिलेले नाही. झेंडूचा वास मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या अंगाला होता. जाग आल्यावर मला एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. अडखळणारा आवाज आता डावीकडून नव्हे, उजवीकडून येत होता. मी माझे कर्तव्य केले. यादीत लिहिले, "उजवे कार्ड थकले आहे." नारिंगी दिवा लावून ठेवला. याहून मोठ्याने मला बोलता येत नाही.

नवे कार्ड आले आणि बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी बाबुलाल ते घेऊन हजर झाला. त्याने वही उघडली, स्वतःचेच अक्षर वाचले आणि माझी यादी न उघडताच मला बंद करून डाव्या खाचेतले कार्ड बाहेर काढले. काढलेले कार्ड चुकून पुन्हा कोणी बसवू नये, म्हणून पकडीने त्याच्या कडेला एक खाप पाडायची त्याची पद्धत होती. त्याने खाप पाडली. निघालेला प्रत्येक भाग तारीख घातलेल्या पाकिटात वर्षभर ठेवायचा, हा अनिताताईंचा नियम. कार्ड पाकिटात गेले, पाकीट कपाटात गेले. डाव्या खाचेत नवी, कोरी पोर बसली आणि शेजारणीकडचे शब्द उतरवून घेऊ लागली. या उतरवण्याला बरेच तास लागतात; म्हणून बाबुलाल निश्चिंतपणे घरी गेला.

जी शब्द सांगत होती ती चिमी होती. जिला खाप पडली ती ठकी.

थकलेल्या जिवाकडून सबंध घराण्याचे पाठांतर एका दमात म्हणवून घेतले, तर काय होणार? चिमी बरेच अंतर गेली. दिवस मावळायच्या सुमारास ती थांबली, ती कायमची. सकाळी गावची वीज गेली आणि आली. मी उठायला गेले. पंखे फिरले, दिवे लागले, पण डावीकडे अर्धे वाक्य होते आणि उजवीकडे काहीच नव्हते. मला दिसत होते, ऐकू येत होते, पण मी कोण, हे मला सांगणारे कोणी उरले नाही.

बाजाराचा दिवस होता. सुगराबी मेहकला घेऊन पहिल्या जीपने आली. अनिताताईंनी नवी यंत्रे मेजावर काढून ठेवली, संगणक सुरू केला, आणि त्याच्या पडद्यावर काळोख होता. त्यांनी बाबुलालला बोलावून घेतले. तासाभरात तो आला आणि माझ्यापुढे बसला. त्याने जे जे येत होते ते सर्व करून पाहिले. दुपार झाली तेव्हा त्याने खरे काय ते सांगून टाकले: किल्ली गेली असेल तर एकही नकाशा परत मिळणार नाही. अनिताताईंनी मेहककडे पाहिले. आठ महिने पुन्हा, आणि तेवढ्यात उरलासुरला शब्दही जाणार, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

सुगराबी दाराशी उभी राहून हे ऐकत होती. तिने बाबुलालला टोला दिलाच.

"भाई, मोटरी बांधायचा तेच बरं व्हतं. निदान पानी तरी यायचं."

"भाबी, मोटरीला कुलूप नसतं," बाबुलाल मान वर न करता म्हणाला.

"मंग अंदाजानं लावा की ताई. जरा कमीजास्त झालं तर..." ती बोलता बोलता थांबली. महिनाभर कानावर हात धरून बसलेली मेहक तिलाही आठवली असावी. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "झगा मी आपटला. तिनं न्हाई."

तेव्हा बाबुलालला अखेर माझी यादी आठवली. ती यादी कार्डांत नसते, माझ्या स्वतःच्या अंगात असते. त्याने ती उघडली आणि एकेक ओळ वाचू लागला. श्रावणापासून, डावे. खंडेनवमीनंतर, उजवे. त्याने वही पाहिली, यादी पाहिली, आणि चहा घेऊन आलेल्या हौशीरामाकडे पाहिले.

"आबा, हिचं झाकण कुनी उघडलं व्हतं का?"

"झाकण?" हौशीराम म्हणाला.

"आजार डाव्या अंगाला व्हता. खंडेनवमीपासनं उजव्या अंगाला दिसतोय. त्यो काय चालत गेला व्हय?"

हौशीरामाने चहा ठेवला आणि बाहेर बाकावरची मुले पाहतो असे सांगून तो निघून गेला. त्याचे पुढचे वर्तन मी उघड्या दारातून पाहिले. मेहक बाकाच्या टोकाला पाय हलवत बसली होती. हौशीराम तिच्या पाठीमागे गेला आणि त्याने किल्ल्या हलवल्या. ती वळली नाही. त्याने आणखी जवळ जाऊन हलवल्या. मेहक रस्त्याने चाललेली बकरी पाहत राहिली. हौशीराम मागे फिरला. मग आत आला आणि किल्ल्यांचा जुडगा त्याने अनिताताईंच्या मेजावर ठेवला.

"ताई, ह्या आधी घ्या. मंग सांगतो."

अनिताताईंनी किल्ल्यांना हात लावला नाही. हौशीराम उभ्यानेच बोलला. खंडेनवमीला त्याने वजनकाटा पुसला, कात्र्या पुसल्या, सायकल धुतली, आणि मग माझ्यापाशी आला. वरून पुसून भागेना. बाबुलालला झाकण उघडताना त्याने कितीदा पाहिले होते. "आतनं पुसल्याबिगर पूजा कसली," तो म्हणाला. "दोन्ही कार्डं काढली. धुतल्या फडक्यानं पुसली. पाटावर झेंडूशेजारी ठिवली, हळदकुंकू लांबनंच दावलं, आत जाऊ नये म्हनून. मागारी घालताना कंचं कुठलं ते ध्यानात राहिलं न्हाई. दोन्ही सारखीच दिसत्यात, ताई. मला वाटलं, सारखीच असत्याल."

मग बाबुलाल एकदम उठला.

"म्हंजी काल मी धडधाकट काढलं."

कपाट उघडले, पाकीट निघाले. बाबुलालने ठकीला तळहातावर घेऊन उजेडात धरले आणि तिच्या कडेची खाप पाहून त्याचा चेहरा उतरला. खाप खोल होती. ती नुसत्या प्लॅस्टिकमधून गेली की आतपर्यंत पोचली, हे डोळ्यांनी कळण्यासारखे नव्हते. सुगराबीने विचारले, काय झाले. त्याने सांगितले, की आपल्याच हाताने जखम केली आहे, आता घालून पाहिल्याशिवाय उपाय नाही. त्याने मला पूर्ण बंद केले, चिमीला काढले आणि उजव्या खाचेत ठकीला बसवले. मग त्याने मला पुन्हा सुरू केले.

मित्रांनो, मी गर्विष्ठ आहे; भीती वाटली असे मी सहसा म्हणत नाही. पण त्या क्षणी मला भीती वाटली. मग उजवीकडून ठकीचा आवाज आला, स्पष्ट, एकही अक्षर न गाळता. तू श्रवणकेंद्राची थोरली. ही तुझी कामे. ही तुझी किल्ली.

कुलूप उघडले. पडद्यावर नावांची यादी उतरली आणि अनिताताई चक्क खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी सर्वांत आधी किल्ली दोन कागदांवर लिहून घेतली आणि दोन्ही कागद वेगवेगळ्या कपाटांत ठेवले. त्यानंतरच त्यांनी मेहकचा नकाशा मागितला. मी तो दिला. आजवर मी हजारो कागद दिले असतील. इतक्या आनंदाने एकही दिला नव्हता.

अनिताताईंनी मेहकच्या कानांत यंत्रे बसवली आणि हळू आवाज सुरू केला. मेहक स्तब्ध झाली. तिने कानावर हात नेला नाही. तिने मान वळवली, ती ना डफाकडे ना माणसांकडे, माझ्याकडे. खोलीत त्या वेळी एकच आवाज होता, माझ्या पंख्याचा. ती खुर्चीवरून उतरली, माझ्याजवळ आली आणि तिने माझ्या कुशीला तळहात लावला. पंखा फिरत होता, तोवर ती हसत होती. सुगराबीने दारातून हाक मारली, फार हळू, जणू मोठ्याने मारली तर मोडेल. मेहक वळली आणि म्हणाली, "नानी." आवाजासकट. सुगराबीने पदर तोंडाला लावला आणि बाबुलालला म्हणाली, की मोटरीचे बोलले ते मागे घेते.

आता माझे सांगणे नीट ऐका, कारण हे मी एकदाच सांगते. मला पुसले, माझी पूजा केली, ते प्रेमाने केले, हे मला ठाऊक आहे. पण जिची सेवा करायची तिला आधी विचारावे. प्रत्येक यंत्र, प्रत्येक जनावर, घरातले प्रत्येक म्हातारे माणूस आपल्या परीने सांगत असते, कुठे दुखते आहे ते. श्रावणात काय दुखत होते हे वहीत पाहून आश्विनात औषध देऊ नका. आज विचारा. उघडलेली वस्तू जिथली तिथे ठेवा, ठेवता आली नाही तर सांगा. जिच्यावर सारे घर चालते ती किल्ली एकाच जागी ठेवू नका. आणि हातून चुकले तर हौशीरामासारखे समोर येऊन बोला. तो बोललाच नसता, तर ठकी पाकिटातच पडून राहिली असती.

त्या दिवशीचे एक काम अजून व्हायचे होते. अनिताताईंनी देखभालीची वही पुढे ओढली. घडलेली प्रत्येक चूक ज्याच्या हातून घडली त्याच्या नावाने लिहायची, हा त्यांचा दंडक. हौशीराम पुढे होऊन म्हणाला, की आपले नाव लिहावे. बाबुलालने लेखणी मधेच धरली.

"जागा आबांनी बदलल्या, ते लिवा. पर यादी न वाचता कार्ड काढलं, खाप पाडली, ती मी. ते पयलं लिवा." मग त्याने लेखणी सोडली. "आन् ताई, सतरा सालची वही असल तर ती बी काढा."

"सतरा सालची कशाला?" अनिताताईंनी विचारले.

"हिची मेमरीची पट्टी जळाली व्हती. झाडताना आपलाच धक्का लागला, असं आबांनी तुम्हास्नी सांगितलं. तुम्ही वरीसभर त्यांच्याकडनं किल्ल्या काढून घेतल्या. धक्का लागला न्हवता. माझ्या हातानं जळाली ती. अंगातली वीज जमिनीला दिल्याबिगर हात घातला मी. नवा व्हतो. माझं काम जाईल म्हनून ते बोलले, आन् मी गप बसलो. तवापासनं खिडकीचा गज धरल्याबिगर झाकण उघडत न्हाई मी."

अनिताताईंनी हौशीरामाकडे पाहिले. त्याने टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाला, की जुने झाले ते, आता कशाला.

अनिताताई स्वतः उठून ती वही शोधायला गेल्या. धुळकट वही मेजावर उघडली. बाबुलालने हौशीरामाचे नाव एका सरळ रेघेने खोडले, त्यावर स्वतःचे संपूर्ण नाव लिहिले, गाव लिहिले, आजची तारीख घातली आणि सही केली. हौशीराम वाकून पाहत होता.

"एवढं मोठं नाव हाय व्हय, भाई? पान पुरंना की."

अनिताताईंनी मेजावरचा किल्ल्यांचा जुडगा दोन्ही हातांत घेतला. केंद्रात त्या कोणापुढे उभ्या राहिल्याचे मला आठवत नाही. त्या हौशीरामापुढे उभ्या राहिल्या. "मामा, ते वर्ष मला परत देता येणार नाही," त्या म्हणाल्या. "या किल्ल्या घ्या. आणि पुढच्या खंडेनवमीला हिचे झाकण तुम्हीच उघडा, बाबुलालभाई शेजारी उभे राहतील."

हौशीरामाने किल्ल्या कमरेला लावल्या. बाबुलालने वही मिटली, तिच्यावर थोडा वेळ हात ठेवला, आणि त्याने गार झालेला चहा एका घोटात संपवला. सतरा साली पट्टी जळाली तेव्हाही झाकण माझेच उघडे होते, म्हणून मी साक्षीने सांगते: बाबुलालकडे हौशीरामाचे जे काही राहिले होते, ते त्या दिवशी पुरते फिटले.